संगणक चालता चालता आपोआप बंद पडतो: तारेपासून एसएमपीएसपर्यंतची तपासणी

घरातला डेस्कटॉप संगणक काम करता करता अचानक बंद पडतो, ही तक्रार ऐकून मी आजवर इतक्या कॅबिनेटांची झाकणे काढली आहेत, की आता पेचकस हातात घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: तो नेमका केव्हा बंद पडतो? लोकांना ‘का’ हे जाणून घ्यायचे असते आणि ते स्वाभाविक आहे. पण ‘केव्हा’ याचे उत्तर नीट मिळाले, तर ‘का’ याचे उत्तर शोधण्यातला निम्मा वेळ वाचतो. ते न विचारता आधी विंडोज पुन्हा टाकायला बसणारे अनेक जण मी पाहिले आहेत आणि त्यांपैकी एक मी स्वतः होतो.

लक्षणे

‘बंद पडतो’ या दोन शब्दांत निरनिराळे दोष लपलेले असतात, त्यामुळे आपला दोष यांपैकी कोणता ते आधी ठरवावे.

पहिला प्रकार म्हणजे फुंकर मारून दिवा मालवावा तसे बंद होणे. पडदा काळा होतो, पंख्यांची घरघर थांबते, कॅबिनेटवरचा छोटा दिवाही विझतो आणि संगणक पुन्हा बटण दाबेपर्यंत तसाच राहतो किंवा काही क्षणांत स्वतःच सुरू होतो. यात बहुतेक वेळा वीजपुरवठा किंवा उष्णता दोषी असते.

दुसऱ्या प्रकारात निळा पडदा क्षणभर चमकून जातो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. इथे वीज गेलेली नसते. विंडोजने स्वतःच हात टेकलेले असतात. संशय रॅम (संगणकाची तात्पुरती स्मृती), ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम) आणि डिस्क यांच्यावर घ्यावा.

तिसरा प्रकार चमत्कारिक आहे: बटण दाबल्यावर संगणक सुरू होतो, चार-पाच सेकंद चालतो आणि बंद होतो, आणि दर वेळी तेवढाच वेळ चालतो.

पडदा काळा झाला पण पंखे फिरत आहेत आणि गाणेही वाजत आहे, अशी स्थिती असेल, तर संगणक बंद पडलेलाच नाही. दोष मॉनिटर, त्याची केबल किंवा ग्राफिक्स कार्ड यांत आहे आणि पुढचा मजकूर त्या दोषासाठी नाही.

आधी कागद आणि पेन्सिल

सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. वारंवार अर्ध्यावर वीज तुटणाऱ्या संगणकात डिस्कवरची माहिती लिहिता लिहिता बिघडू शकते, आणि मूळ दोष दुरुस्त झाला तरी ती माहिती परत येत नाही.

त्यानंतर संगणकाशेजारी एक कागद ठेवून तीन-चार दिवस प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहाव्यात: घड्याळातली वेळ, सुरू केल्यापासून गेलेली मिनिटे, त्या क्षणी चालू असलेले काम आणि त्याच वेळी घरात दुसरे कोणते यंत्र सुरू झाले काय. हे चौथे खाते लोकांना विनोदी वाटते. माझ्या आत्याच्या संगणकावर मी दोनदा विंडोज नव्याने टाकले आणि एकदा रॅम बदलली, तरी तो दर दोन-तीन दिवसांनी बंद पडतच राहिला. शेवटी तिनेच सहज सांगितले की, ‘अरे, मी छापायला गेले की हमखास जातो बघ.’ लेझर प्रिंटर आणि संगणक एकाच यूपीएसच्या पाठीवर जोडलेले होते. लेझर प्रिंटरमधला कागदावर शाई पक्की करणारा रूळ तापताना एकदम मोठा प्रवाह ओढतो. छोट्या यूपीएसला तो भार पेलत नाही आणि तो सर्वांचाच पुरवठा तोडतो. प्रिंटरची तार भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटात लावली आणि तक्रार संपली.

आणखी एक शिस्त पाळावी: एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर संगणक पूर्वी जितक्या दिवसांत बंद पडत असे त्याच्या किमान दुप्पट दिवस चालवून पाहावा. एका दुपारी पाच गोष्टी बदलल्या, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि तो परत आला की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

विंडोजची नोंदवही काय सांगते

ही तपासणी फुकट आहे आणि तिच्यासाठी झाकणही काढावे लागत नाही. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधून ‘विंडोज लॉग्ज’खालील ‘सिस्टिम’ ही नोंदवही उघडावी आणि कागदावर लिहिलेल्या वेळेजवळच्या नोंदी पाहाव्यात.

तिथे क्रमांक १०७४ दिसला, तर संगणक कुणाच्या तरी आदेशाने रीतसर बंद झालेला आहे. बहुधा तो आदेश अद्ययावतीकरणाचा असतो आणि त्याची वेळ सेटिंगमध्ये बदलता येते. क्रमांक ६००८ आणि ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसले, तर तो रीतसर बंद झालेला नाही. या ४१ क्रमांकाने लोक फार घाबरतात, त्याचाच शोध घेत बसतात आणि कुणीतरी सुचवलेले ड्रायव्हर बदलत राहतात. वस्तुतः ही नोंद संगणक बंद पडताना होत नाही. पुढच्या वेळी सुरू झाल्यावर ‘मागच्या वेळी मला निरोप न घेता जावे लागले’ एवढेच विंडोज तीत लिहून ठेवते. ते रोगाचे नाव नव्हे.

तरीही त्या नोंदीच्या ‘डिटेल्स’ या भागात दोन आकडे पाहण्यासारखे असतात. ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर विंडोजला काही लिहायला उसंतच मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली किंवा संगणक पूर्ण गोठला होता. शून्याखेरीज काही असेल, तर निळा पडदा येऊन गेला आहे. दुसरा आकडा ‘पॉवर बटण टाइमस्टॅम्प’ हा आहे. तो शून्य नसेल, तर पॉवरचे बटण दाबून धरले गेले होते. तुम्ही ते धरले नसेल, तर पुढे बटणाविषयी लिहिले आहे ते लक्षपूर्वक वाचावे.

निळा पडदा वाचण्याआधीच निघून जात असेल, तर ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या सेटिंगमधली आपोआप पुन्हा सुरू होण्याची खूण काढून टाकावी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर तसाच थांबतो आणि तो लिहून घेता येतो.

तारा, बोर्ड आणि यूपीएस

कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत बदलणाऱ्या पेटीत, बसणारी जाड पॉवर केबल वर्षानुवर्षे काढ-घाल होऊन सैल होते, आणि टेबलाला पाय लागला की तिचा संपर्क क्षणभर सुटतो. संगणक बंद करून ती काढावी. तिच्या टोकाला काळपट किंवा वितळल्यासारखा डाग आहे का ते पाहावे. तसा डाग नसेल तर ती घट्ट बसवावी आणि शक्य असल्यास मॉनिटरच्या केबलीशी अदलाबदल करून पाहावी. दोन्ही केबली बहुतेक वेळा सारख्याच असतात, त्यामुळे ही परीक्षा विनाखर्चाची आहे. संगणकाऐवजी मॉनिटर मध्येच जाऊ लागला, तर चोर सापडला.

त्यानंतर संगणक एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही वगळून थेट भिंतीवरच्या सॉकेटात लावावा आणि काही दिवस चालवावा. यूपीएस संरक्षणासाठी असतो हे खरे, पण त्यातली शिशाची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत थकते, आणि थकलेल्या बॅटरीचा यूपीएस हेच बंद पडण्याचे कारण ठरतो. विजेत हलकासा धक्का आला की तो बॅटरीवर जातो, बॅटरीत दम नसतो आणि सगळे अंधारते. यूपीएसची परीक्षा संगणक जोडून घेऊ नये; टेबलावरचा दिवा जोडावा आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग काढावा. दिवा काही मिनिटे टिकला पाहिजे. तो लगेच गेला, तर बॅटरी संपली आहे.

घरातले दिवे फारसे लुकलुकले नाहीत तरी संगणक कसा बंद पडला, असे लोक विचारतात. पुरवठा तुटल्यावर एसएमपीएस आपल्या साठ्यावर सुमारे १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो, अशी त्याच्याकडून मानकाची अपेक्षा असते. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे एका आवर्तनाची खोट संगणकाला पुरते, आणि डोळ्याला ती जाणवेलच असे नाही.

पॉवरचे बटण

तिसऱ्या प्रकारचे लक्षण असेल, तर ही तपासणी सर्वांच्या आधी करावी. बटण सुमारे ४ सेकंद दाबून धरले की संगणकाने सक्तीने बंद व्हावे, अशी रचना मदरबोर्डातच, म्हणजे सर्व भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीतच, असते. बटण धुळीने किंवा तुटलेल्या प्लास्टिकने आतच अडकून राहिले, तर संगणक त्याच बटणाने सुरू होतो आणि चार सेकंदांनी त्याच बटणाने बंद होतो. हे समजण्यापूर्वी मी एका यंत्राचा मदरबोर्ड गेला असे जाहीर करून बसलो होतो, ही कबुली इथे देतो. बटण दाबून सोडल्यावर ते ‘टक’ करून बाहेर येते का, हे बोटाला कळते. संशय राहिला, तर संगणक सुरू झाल्यावर लगेच समोरच्या बटणापासून मदरबोर्डाकडे जाणारी बारीक दोन तारांची जोडणी हलकेच उपटावी. त्यानंतर तो चालत राहिला, तर बटण बदलायचे आहे. ते होईपर्यंत कॅबिनेटवरचे रिसेटचे बटण त्या जागी जोडून काम भागते.

उष्णता

कागदावर ‘सुरू केल्यावर वीस मिनिटांनी’, ‘खेळ चालू असताना’, ‘व्हिडिओ तयार करताना’ अशा नोंदी जमल्या असतील आणि बंद पडल्यावर लगेच सुरू केल्यास तो आणखी लवकर बंद होत असेल, तर उष्णतेचा संशय पक्का धरावा. आत आधीची ऊब शिल्लक असते, म्हणून दुसरी खेप छोटी असते.

खात्रीसाठी कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखा तापमान दाखवणारा मोफत प्रोग्रॅम टाकावा. काम नसताना प्रोसेसर ३५ ते ५० अंश सेल्सियस आणि भारी कामात ८०-८५ अंशांपर्यंत असेल, तर काळजी नको. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आधी स्वतःची गती कमी करतात आणि तरीही तापमान चढतच राहिले, तर जळण्यापेक्षा बंद होणे पत्करतात. २०२२ मध्ये आलेले एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर मात्र पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालावेत अशाच बेताने बनवलेले आहेत. तेथे नुसता आकडा पाहून घाबरू नये.

आता झाकण काढायचे. आधी केबल भिंतीतून काढावी, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून आतला उरलासुरला प्रवाह जाऊ द्यावा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. प्रोसेसरच्या पंख्याखालची हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, टॉर्चच्या उजेडात पाहावी. वरून पंखा स्वच्छ दिसतो आणि त्याच्याखाली, धातूच्या पात्यांच्या तोंडाशी, धुळीचा करड्या रंगाचा नमदा बसलेला असतो; तो चिमटीत धरून अख्खा उचलता येतो, इतका घट्ट विणलेला असतो. पंखा पूर्ण वेगाने फिरतो, पण हवा त्या नमद्यावर आपटून परत येते. मऊ ब्रश आणि हवेचा डबा यांनी ही धूळ काढावी, आणि हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण मोकळा पंखा त्या झोताने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये. त्याच्या नळीवर स्थिर वीज जमते.

धूळ काढल्यावर हीटसिंक हलकेच हलवून पाहावी. इंटेलच्या सोबत येणाऱ्या अनेक कूलरांना चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात आणि त्यांतली एक निसटली, तरी प्रोसेसर आणि धातू यांच्यात फट पडते. मी पाहिलेल्या उष्णतेच्या दोषांत धुळीखालोखाल या खुंटीचा क्रम लागतो.

हे सगळे ठीक असूनही तापमान उतरत नसेल, तर बहुधा थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, वाळली आहे. ती बदलणे अवघड नाही, पण हात थरथरत असतील तर करू नये. संगणक दहा मिनिटे चालवून बंद करावा, म्हणजे पेस्ट मऊ होते; मग हीटसिंक सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवावी. एएमडीच्या एएम४ सॉकेटांत (मदरबोर्डावरच्या प्रोसेसर बसवण्याच्या जागांत) ती सरळ ओढली, तर प्रोसेसरही चिकटून बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, वाटाण्याएवढी नवी लावावी आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. पंख्याची तार परत जोडायला विसरू नये. हे सांगावे लागते, कारण मी ती विसरलो आहे.

रॅम आणि बायोस

निळा पडदा येत असेल, तर विंडोजमधलेच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चालवावे, आणि त्यात काही सापडले नाही तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावे. एकही चूक दिसली तर रॅमवर विश्वास ठेवू नये. दोन पट्ट्या असतील, तर एका वेळी एकच लावून पाहावे, आणि पट्टी दोन्ही बाजूंनी ‘कट’ आवाज येईपर्यंत बसवावी. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डाच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, रॅमची गती वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्सपो ही सोय चालू असेल, तर ती बंद करून मूळ सेटिंगवर यावे. जाहिरातीतली गती प्रत्येक मदरबोर्डाला झेपतेच असे नाही.

बायोसची गोल बॅटरी, म्हणजे सीआर२०३२, बदलण्याचा सल्ला हमखास मिळतो. संगणकाचे घड्याळ मागे पडत असेल, तर ती जरूर बदलावी. चालता संगणक तिच्यामुळे बंद पडतो, असे माझ्या पाहण्यात नाही.

एसएमपीएस

तारा, बटण आणि तापमान यांत काही सापडले नाही आणि बगचेक कोड शून्यच येत असेल, तर एसएमपीएस उरतो. खेळ सुरू होताच पहिल्या मिनिटात, तापमान चढण्याआधीच, संगणक जात असेल, तर हे आणखी संभवते. ग्राफिक्स कार्ड क्षणार्धासाठी आपल्या सरासरीच्या दुपटीहूनही अधिक वीज ओढू शकते, आणि याच कारणाने २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात एसएमपीएसने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसावा, अशी अपेक्षा आली. जुन्या, थकलेल्या एसएमपीएसमधले संरक्षण अशा झटक्याने भडकते आणि पुरवठा तोडते.

मल्टिमीटरने १२ व्होल्टांची वाहिनी मोजता येते आणि ती ११.४ ते १२.६ यांच्यात असावी; पण मीटर अशा क्षणिक झटक्याचा माग काढू शकत नाही, म्हणून आकडा योग्य दिसला तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. खरी परीक्षा एकच: पुरेशा क्षमतेचा, चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस काही दिवस उसना घेऊन लावणे. तो लावताना त्याच्यासोबतच्याच केबली वापराव्यात. सुट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये टोके सारखी दिसली तरी आतली मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि जुनी केबल तशीच ठेवल्यास डिस्क जळू शकते.

दुसऱ्या एसएमपीएसनेही फरक पडला नाही, तर मदरबोर्डावरचे उभे, नळकांड्यासारखे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) पाहावेत. त्यांचा माथा सपाट असावा. तो फुगलेला किंवा तपकिरी स्राव आलेला असेल, तर बोर्ड संपत आला आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांत हा रोग साथीसारखा पसरला होता, आणि जुने यंत्र अजून वापरात असेल तर तो आजही भेटतो.

इथे थांबावे

एसएमपीएसची पेटी कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. तिच्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि तो केबल काढल्यानंतरही काही काळ टिकतो. जळका वास, ठिणगी, वितळलेला प्लग किंवा संगणक लावताच घरचा एमसीबी पडणे, यांपैकी काहीही दिसले तर मुख्य बटण बंद करावे आणि संगणक तंत्रज्ञाकडे द्यावा. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर बहुधा अर्थिंग नीट नाही. ते काम संगणकवाल्याचे नसून इलेक्ट्रिशियनचे आहे. लॅपटॉपचा टचपॅड वर आला असेल किंवा तळ फुगून तो टेबलावर डुलत असेल, तर बॅटरी फुगली आहे: तो चार्ज करू नये, दाबू नये, बॅटरी स्वतः उचकटू नये. कपॅसिटर बदलणे आणि मदरबोर्डाची दुरुस्ती हीदेखील सोल्डरिंगचा सराव असलेल्या माणसाची कामे आहेत.

यंत्र तंत्रज्ञाला देताना त्यासोबत तो तीन-चार दिवसांचा कागदही द्यावा, आणि त्याच्या मागच्या बाजूला आपण आतापर्यंत काय काय बदलून पाहिले ते लिहावे. बंद पडणारा संगणक त्याच्या टेबलावर दिवसभर सुरळीत चालण्याची शक्यता मोठी असते, कारण तिथे ना तुमचा यूपीएस असतो, ना तुमचे सॉकेट, ना तुमचा प्रिंटर.